दोन्ही टोकांचा ढाळ बरोबर, तरी लाईन तुंबते

नव्या प्लंबरांनो, सांडपाण्याच्या लाईनमधले चेंबर (झाकणाचा तपासणी खड्डा), ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारा बाक), व्हेंट (हवेचा पाईप) हे सगळं तुम्ही आयटीआयमध्ये शिकलाय, ते पुन्हा सांगत नाही. एकच बेसिन तुंबलं तर आधी त्याचा ट्रॅप पाहा. वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर खालच्या नहाणी ट्रॅपमधून (न्हाणीघराच्या फरशीतल्या जाळीतून) गुडगुड होऊन पाणी वर येत असेल, तर मेन लाईन पाहा. झाकणं उघडा. एक चेंबर भरलेला आणि पुढचा कोरडा असेल, तर चोकअप त्या दोघांच्या मधे. इथपर्यंत कुणीही पोचतं. मी अडकलो ते याच्या पुढे.

सोलापुरात एका बंगल्याची लाईन मी दीड महिन्यात तीनदा काढली. स्प्रिंग (चोकअप काढायची लवचिक तार) घालायची, पाणी सुटायचं, पैसे घ्यायचे. चौथ्यांदा गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "अरे, तू येतोस, पाणी जातं, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. नेमकं करतोस काय?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

ढाळ मी मोजला होता, हेच जास्त लागलं. दोन चेंबरमधे 20 फूट अंतर. लेव्हलच्या नळीने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) दोन्हीकडे एका पातळीवर खुणा केल्या, खुणेपासून पाईपच्या तळापर्यंत मोजलं: एकीकडे 24 इंच, दुसरीकडे 28. म्हणजे 4 इंच उतार, 60 ला 1 (दर 60 इंचांना 1 इंच). पुस्तकात बसणारा. म्हणून मी छातीठोकपणे सांगितलं, ढाळात दोष नाही.

टोकं बरोबर असली तरी पाईप मधे बसलेला असू शकतो. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात नुसता पुरलेला पाईप हलतो, मधे झोळ पडतो, म्हणजे पाईप खाली वाकतो. झोळात पाणी साचतं, मैला आणि तेलकट गाळ तिथेच बसतो. स्प्रिंग त्यातून वाट काढते, पण झोळ तसाच राहतो.

हे मला एका जुन्या मिस्त्रींनी आरशाने दाखवलं. अर्धा तास घरातला वापर बंद ठेवायचा. खालच्या चेंबरमधून पाईपमधे टॉर्च मारायचा, वरच्या चेंबरमधे आरसा तिरका धरून पाहायचं. उजेडाचा पूर्ण गोल दिसला तर पाईप सरळ. मला वरची जेमतेम अर्धी कोर दिसली, खाली काळं पाणी चमकत होतं. चार महिने त्यांच्या हाताखाली नुसती पिशवी उचलली म्हणून मी कुरकुरत होतो. पण असं शिक्षण व्हिडिओ पाहून मिळत नाही, हे माझं ठाम मत आहे.

झोळ नीट करायला खोदावंच लागतं. काळी माती काढा, मुरूम टाकून ठोका, त्यावर वाळू, मग 110 मिमीचा पाईप. सॉकेटखाली (जोडाच्या जाड तोंडाखाली) खड्डा करा, म्हणजे पाईप पूर्ण लांबीभर टेकतो.

ॲसिड ओतू नका. झोळ त्याने सरळ होत नाही, आणि नंतर स्प्रिंग घालणाऱ्याचे हात भाजतात.

आणि सेप्टिक टँकमधे किंवा खोल चेंबरमधे उतरायचं नाही. मालक कितीही म्हणो, दुप्पट पैसे देवो. विषारी वायू जास्त असला की त्याचा वासच येईनासा होतो आणि माणूस क्षणात कोसळतो. माणूस उतरवून अशी धोकादायक सफाई करून घेणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. सक्शनची गाडी बोलवा. यात "एवढ्यापुरतं" असं काही नसतं.

बाकी चुका होतील, घाबरू नका. पहिल्या वर्षात माझ्या निम्म्या जागी मला परत बोलावणं आलं. परत जा, फोन बंद ठेवू नका.

काकूंकडे आधीच्या तिन्ही वेळचे पैसे वजा करून मजुरी घेतली. माती लोटण्याआधी आरसा त्यांच्या हातात दिला. पदर सावरत वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "पूर्ण गोल दिसतोय की रे."