शिकारीची रायफल निवडताना या चुका टाळा

नेमबाजीच्या रेंजवर टेबलाशी बसून, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून 100 मीटरवर तीन गोळ्या नाण्याएवढ्या जागेत बसवणारे पुष्कळ भेटतात. तोच माणूस तासभर चढ चढून आलाय, छाती भात्यासारखी हलतेय, जनावर 150 मीटरवर उभं आहे आणि टेकायला जेमतेम एक झाड आहे. अशा वेळी नेम स्थिर राहत नाही. शिकारीची रायफल घ्यायची ती या दमलेल्या माणसासाठी. हे विसरलं की निवड चुकते आणि तिची किंमत जखमी होऊन झाडीत पळालेलं जनावर मोजतं.

गरजेपेक्षा मोठं काडतूस

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच. ‘ताकद जास्त असली की नेम थोडा चुकला तरी चालतं’ असं बरेच जण धरून चालतात. चालत नाही. .300 विंचेस्टर मॅग्नम या मोठ्या काडतुसाची (आकडा म्हणजे गोळीचा साधारण व्यास, इंचांत) गोळी पोटात बसली तर जनावर तासन् तास तडफडतं, आणि लहान .243 ची साधी गोळी फुफ्फुसांतून आरपार गेली तर हरीण थोड्याच अंतरावर कोसळतं. हरणाच्या हृदय-फुफ्फुसांची जागा जेमतेम वीतभर असते. गोळी तिथे नेऊन बसवणं हेच खरं काम.

मोठं काडतूस नेमकं तेच अवघड करतं. सारख्याच वजनाच्या रायफलींत .300 विंचेस्टर मॅग्नमचा धक्का .308 च्या साधारण दीडपट असतो; .243 चा जवळपास निम्मा. शरीर हा मार लक्षात ठेवतं. पाच-दहा फैरींनंतर चाप दाबण्याआधीच खांदा आकसतो, डोळे मिटतात, आणि माणसाला स्वतःला ते कळतही नाही. तपासायचा सोपा मार्ग आहे: रेंजवर सोबत्याला रायफल भरायला द्या. त्याने तुम्हाला न सांगता कधी खरं काडतूस घालावं, कधी डमी, म्हणजे बारूद नसलेलं नकली. डमीवर ‘टक्’ आवाज आला आणि नळी खाली डुचकली, तर दोष रायफलीत नाही. लहान काडतुसाकडे या. त्यात कमीपणा काहीच नाही.

.30-06 हे 1906 चं, .270 विंचेस्टर 1925 चं, .308 विंचेस्टर 1952 चं. हरीण, रानडुक्कर, अगदी एल्क या मोठ्या हरणापर्यंतची शिकार या तीन काडतुसांवर आयुष्यभर केलेले लोक आहेत. 2007 मध्ये आलेलं 6.5 क्रीडमूर धक्क्याला आणखी सौम्य आहे, आणि पहिली रायफल घेणाऱ्याला मी आज .308 किंवा हेच सांगेन. केप म्हशीसारख्या धोकादायक जनावरांची गोष्ट वेगळी. आफ्रिकेतल्या अनेक देशांत त्यासाठी .375 हीच कायद्याची किमान मर्यादा आहे.

कायदा आधी वाचा, काडतूस नंतर ठरवा. जर्मनीत रो-हरणासाठी (युरोपातलं लहान हरीण) गोळीत 100 मीटरवर किमान 1000 ज्यूल ऊर्जा लागते, त्याहून मोठ्या खुरवाल्या जनावरांसाठी किमान 6.5 मिमी व्यास आणि 2000 ज्यूल. म्हणजे तिथे .223 रो-हरणाला चालते, रानडुकराला नाही.

हलकी म्हणजे चांगली, हा समज

डोंगरात हलकी रायफल खांद्याला सुखाची वाटते, हे खरं. पण अडीच किलोची रायफल जास्त उसळते आणि धाप लागलेली असताना हातात जास्त थरथरते. रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीशिवाय तीन ते साडेतीन किलो हा बहुतेकांना झेपणारा मध्य आहे. नळी 50 ते 56 सेंटिमीटरची पुरते. त्याहून लांब नळीने गोळीचा वेग थोडा वाढतो, पण झाडीत ती फांद्यांना अडकते. पुढे सायलेन्सर लावायचा असेल तर आणखी 15-20 सेंटिमीटर आधीच धरून चला.

अंगाला न बसणारा दस्ता (खांद्याला टेकतो तो भाग)

याकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि मला याचंच सर्वांत वाईट वाटतं, कारण तपासायला काही लागत नाही. रायफल रिकामी आहे याची स्वतः खात्री करा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. दुर्बिणीतलं पूर्ण गोल चित्र लगेच दिसायला हवं. मान पुढे-मागे करावी लागली, गाल उचलावा लागला, तर दस्त्याची लांबी किंवा दुर्बिणीची उंची तुमची नाही. ही चाचणी शिकारीत घालणार तोच जाड कोट घालून करा. कोटाच्या जाडीने दस्ता लांब पडतो आणि खांद्यापाशी अडकतो.

कोणता डोळा प्रबळ आहे, म्हणजे नेम धरताना मेंदू कोणत्या डोळ्यावर विसंबतो, तेही पाहून घ्या. उजव्या हाताच्या कित्येकांचा डावा डोळा प्रबळ असतो आणि त्यांना हे वर्षानुवर्षं माहीतच नसतं.

दुर्बीण जास्त पटींची घेणं

जास्त पट म्हणजे जास्त थरथर आणि अरुंद चित्र. 3-9×40 ची दुर्बीण (3 ते 9 पटी, 40 मिमीचं भिंग) जंगलात अजूनही पुरेशी आहे, मात्र ती 3 किंवा 4 पटींवर ठेवून फिरा. 40 मिमीच्या भिंगातून 9 पटींवर डोळ्याशी येणारा प्रकाशाचा झोत फक्त 4.4 मिमीचा असतो, 4 पटींवर 10 मिमीचा. अंधारात तरुण माणसाची बाहुली 7 मिमीपर्यंत उघडते, म्हणून संधिप्रकाशात पट उतरवली की चित्र उजळतं. दुर्बीण डोळ्यापासून 8-10 सेंटिमीटर लांब बसवा. चढावर, वर नळी करून, अंग चोरून फैर झाडताना हेच अंतर घटतं आणि भुवई फुटते.

झिरोबद्दल, म्हणजे ठरावीक अंतरावर गोळी नेमक्या नेमावर लागेल अशी दुर्बीण जुळवण्याबद्दल, थोडक्यात: .308 ला 200 मीटरवर झिरो केलं की गोळी 100 मीटरवर साधारण 5 सेंटिमीटर वर आणि 300 मीटरवर वीतभर खाली लागते. काडतुसाच्या खोक्यावरच्या तक्त्यावर विसंबू नका, स्वतःच्या रायफलीने त्या अंतरांवर कागदी निशाण्यावर गोळ्या झाडून पाहा.

गोळी आणि नळीची जोडी न पाहणं

नळीतल्या आट्यांचा (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांचा) पीळ गोळीच्या लांबीशी जुळायला लागतो. 12 इंचांत एक फेरा असलेली .223 ची नळी 55 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी नीट सांभाळते, पण 69 ग्रेनची गोळी तिच्यातून डोलत जाऊन कागदावर आडवी लागू शकते. तांब्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं: तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. डेन्मार्कमध्ये 1 एप्रिल 2024 पासून रायफलीच्या शिशाच्या गोळ्यांना बंदी आहे, कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिसं 1 जुलै 2019 पासून बंद आहे, त्यामुळे हा प्रश्न वाढत जाणार.

आणि काडतुसं कधीही मिसळू नका. .300 ब्लॅकआउटचं काडतूस .223 च्या रायफलीत बसू शकतं आणि चाप दाबल्यावर रायफल हातात फुटते. दोन्ही वापरत असाल तर एका वेळी एकाचंच खोकं बाहेर राहू द्या.

ग्रूप (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांचा पुंजका) अचानक फाकला तर

लोक आधी नळीला दोष देतात, कधी कधी रायफलच विकून टाकतात. उलट्या टोकाने सुरुवात करा. दुर्बिणीच्या रिंगांचे आणि बैठकीचे स्क्रू तपासा, मग दस्त्याला जोडणारे स्क्रू. निम्म्याहून अधिक वेळा बिघाड इथेच निघतो, असा माझा अनुभव. नंतर नळी आणि दस्त्याचं लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवा. लाकूड पावसात फुगतं आणि नळीला दाबतं. पट्टी जिथे अडकते तिथे दाब आहे. मग काडतुसाचा लॉट पाहा. नवा लॉट म्हणजे नव्याने झिरो. नळीत तांब्याचा थर साचला असेल तर तो काढा. नळीच्या तोंडाची कड ठेचली गेली आहे का ते बोटाने नाही, भिंगाने बघा.

साफ करून तेल लावलेल्या नळीतून पहिली गोळी बहुधा भलतीकडेच जाते. शिकारीच्या आदल्या दिवशी नळी कोरडी पुसून एक-दोन फैरी झाडून ठेवा, कारण रानात पहिली गोळीच महत्त्वाची.

थंडी, चिखल आणि पडणं

कडक थंडीत दाट तेल बोल्टमध्ये (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) गोठतं, काडतुसावर आपटणारी पिन हळू आपटते आणि काडतूस पेटत नाही. बोल्ट पूर्ण पुसून अगदी पातळ वंगण ठेवा. चाप दाबूनही फैर झाली नाही तर बोल्ट लगेच उघडू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान 30 सेकंद थांबा, फैर उशिरा होऊ शकते.

नळीत बर्फ किंवा माती अडकली असताना फैर झाडली तर नळी फुगते किंवा फाटते. तोंडावर साध्या चिकटपट्टीचा तुकडा लावला की आत काही जात नाही, आणि फैरीपुढची हवाच ती उडवून लावते. घसरून पडलात तर रायफल रिकामी करा, बोल्ट काढा, मागून नळीतून उजेड पाहा. दुर्बीण दगडावर आपटली असेल तर सुरक्षित जागा बघून 100 मीटरवर एक फैर झाडून नेम तपासा. ते शक्य नसेल तर त्या दिवशी जनावरावर गोळी झाडू नका.