मालगुंडला निघण्याआधी: गावच्या इतिहासावर लिहिणाऱ्या मुलांची तयारी

निबंधस्पर्धेला ‘माझ्या गावाचा इतिहास’ हा विषय आला की मुलं शिवकालापासून सुरुवात करतात आणि ‘असे हे माझे गाव मला फार आवडते’वर थांबतात. मुलांचा यात दोष नाही. विषय दिला जातो, तयारी कुणी करून घेत नाही. रत्नागिरीकडच्या शाळांना तर केशवसुतांचं स्मारक हाताशी आहे. गणपतीपुळ्याला सहल जातेच, तिथून त्यांचं जन्मगाव मालगुंड अगदी जवळ, स्मारक तिथेच.

जाण्यापूर्वी आठवडाभर वर्गात कविता मोठ्याने वाचून घ्या. ‘तुतारी’ आणि ‘आम्ही कोण?’ हव्यातच, पण ‘गोष्टी घराकडिल’ मुळीच सोडू नका. केशवसुतांच्या कवितांखाली ठिकाण आणि साल दिलेलं असतं, तेही वाचायला लावा. ‘तुतारी’खाली मुंबई, १८९३. ‘आम्ही कोण?’खाली फैजपूर, १९०१. मग नकाशा पसरून मालगुंडपासून बोट फिरवू द्या: पुण्यात शिक्षण, मुंबईत नोकरी, खानदेशात मास्तरकी, पुढे धारवाड आणि १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने मृत्यू. अवघं एकोणचाळीस वर्षांचं आयुष्य. हे पाहिलं की मुलं आपणहून विचारतात, गाव सोडून इतक्या लांब का गेले? हाच प्रश्न प्रत्येकाने आपल्या घरी न्यायचा आहे. कोकणात असं एकही घर नसेल जिथून कुणी मुंबईला गेलं नाही.

स्मारकाला आधी फोन करून मुलांची संख्या आणि वेळ कळवा. फोटो काढायला परवानगी आहे का तेही विचारून ठेवा. वह्या, पेन्सिली, पाण्याच्या बाटल्या हे सांगायला नकोच. जन्मघरात शिरल्यावर ओटीवर, माजघरात थोडं थांबू द्या. जपलेल्या घरात जुनं काय आणि नंतर दुरुस्त केलेलं काय, हे तिथल्या माणसांना मुलांनीच विचारावं. प्रत्येकाने एकच वस्तू किंवा एकच मजकूर निवडावा आणि हाताने उतरवून घ्यावा. सगळं टिपत बसलेल्या मुलाला काहीच दिसत नाही.

खरं काम परतल्यावर सुरू होतं. आजी-आजोबांशी बोलताना ‘कोणत्या साली?’ असं विचारलं तर उत्तर येत नाही. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू केवढी होतीस?’ असं विचारावं. मग आजी म्हणते, ‘तेव्हा तुझा काका रांगत होता.’ भूकंप डिसेंबर १९६७ चा, म्हणजे धागा सापडला. १९७२ चा दुष्काळ, १९८२ चा गिरणी संप, १९९८ मध्ये पूर्ण सुरू झालेली कोकण रेल्वे, या खुणा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या की बाकीच्या आठवणी आपोआप जागेवर बसतात. संपानंतर गावी परतलेल्या आजोबांना जपून विचारा. ते गप्प झाले तर पुढचा प्रश्न नको.

ऐकलेलं कागदाशी ताडून पाहायला शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही आहे, मुख्याध्यापकांसमोर बसून पाहता येतं. घरात जुनी मनीऑर्डरची पावती, रेशनकार्ड किंवा सातबारा निघाला तर उत्तमच. रत्नागिरी-सावंतवाडीचं १८८० चं गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारचा त्या भागाचा माहितीग्रंथ, शिक्षकांनी चाळावं, मुलांना त्यातलं एखादं पान पुरे. आजी एक सांगते आणि कागद दुसरंच म्हणतो, असं झालं तर निबंधात दोन्ही लिहा. परीक्षकाला असा प्रामाणिक परिच्छेद दहा सुभाषितांपेक्षा जास्त आवडतो, निदान आवडायला हवा.

लिहायला बसताना शब्दमर्यादा तपासा आणि पहिला खर्डा मुलांनी स्वतःच करावा. पालकांनी शुद्धलेखन पाहावं, वाक्यं घालू नयेत. मोठ्यांचं वाक्य लगेच ओळखू येतं. ज्यांच्या आठवणी घेतल्या त्यांना मजकूर वाचून दाखवून नाव छापायचं का ते विचारा. निकाल काहीही लागो, सगळ्या निबंधांची एकेक प्रत शाळेच्या वाचनालयात फाइल करून ठेवा, खाली ठिकाण आणि तारीख घालून. पुढच्या वर्षीच्या मुलांना कामाला येईल.