जमीन विकली आणि रिटर्न स्वतः भरताय? या चुका टाळा

तुम्ही रिटर्न भरायला बसण्याआधीच जमिनीचा व्यवहार आयकर खात्याला कळलेला असतो. ३० लाख किंवा त्याहून मोठ्या खरेदीखताची माहिती नोंदणी खात्याकडून जाते. व्यवहार ५० लाखांचा किंवा त्यावरचा असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस (रक्कम देतानाच कापलेला कर) कापून फॉर्म २६क्यूबी भरतो. म्हणून आधी आयकर पोर्टलवर एआयएस (तुमच्या व्यवहारांची खात्याकडची यादी) आणि २६एएस (तुमच्या नावे जमा झालेल्या कराचा तक्ता) उघडा, शेजारी खरेदीखत आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा गोषवारा) ठेवा. आकडा जुळत नसेल तर कारण आधी शोधा, फॉर्म मग भरा. (इथली कलमे १९६१ च्या कायद्यातली, म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या विक्रीसाठीची आहेत.)

फॉर्मची चूक सर्रास होते. पगारदार माणूस सवयीने आयटीआर-१ भरतो, पण त्यात जमिनीचा भांडवली नफा दाखवायची सोयच नाही. आयटीआर-२ घ्या, धंद्याचे उत्पन्न असेल तर आयटीआर-३. शेड्यूल सीजीमध्ये, म्हणजे भांडवली नफ्याच्या तक्त्यात, खरेदीदाराचे नाव, पॅन, हिस्सा आणि मालमत्तेचा पत्ता लागतो, तेव्हा हा तपशील खरेदीखतावरूनच उतरवा. चार भावंडांची जमीन असून पैसे एकाच्याच खात्यात आले, तरी प्रत्येकाने आपापला हिस्सा आपल्या रिटर्नमध्ये दाखवायचा.

वर्ष चुकते, टीडीएस अडकतो

कर लागतो हस्तांतरणाच्या वर्षी. पैसे कधी मिळाले यावर ते ठरत नाही. मार्चमध्ये इसार घेतला, खरेदीदाराने त्यावर टीडीएस कापला आणि खरेदीखत व ताबा जूनमध्ये झाला, तर नफा पुढच्या वर्षाचा. टीडीएस मात्र आधीच्या वर्षाच्या २६एएसमध्ये दिसतो आणि लोक त्याच वर्षी परतावा मागून मोकळे होतात. तसे करू नका. टीडीएसच्या शेड्यूलमध्ये तो पुढे ओढा आणि नफा दाखवाल त्या वर्षी वापरा. नोंदणीकृत साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) करून ताबाही दिला असेल, तर हस्तांतरण तेव्हाच झाले असे धरले जाऊ शकते, हेही तपासा.

सरकारी मूल्यांकन जास्त असेल तर

कलम ५०सी इथे आडवे येते. खतातली किंमत ४० लाख आणि मुद्रांक शुल्कासाठीचे मूल्यांकन ४३.५ लाख असेल तर ४० लाखच धरा, कारण फरक १० टक्क्यांच्या आत आहे. मूल्यांकन ४६ लाख असेल तर विक्री किंमत पूर्ण ४६ लाख धरली जाते, ४४ नव्हे. साठेखत आणि खरेदीखत यांच्यात अंतर असेल तर साठेखताच्या दिवशीचे मूल्यांकन घेता येते. पण त्या दिवशी किंवा त्याआधी काही रक्कम बँकेतून आलेली हवी. रोख इसारावर ही सवलत मिळत नाही. शिवाय २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

वडिलोपार्जित जमिनीची किंमत

कोणी ती शून्य धरतो, कोणी वारसनोंदीच्या दिवसाचा बाजारभाव लावतो. दोन्ही चूक. ज्याने जमीन मुळात विकत घेतली त्याची किंमत तुमची किंमत ठरते, आणि त्याचा मालकीचा काळही तुमच्या काळात मिळवला जातो. ती खरेदी १ एप्रिल २००१ च्या आधीची असेल तर त्या दिवसाची रास्त बाजार किंमत घेता येते, मात्र तेव्हाच्या मुद्रांक मूल्यांकनापेक्षा जास्त नाही. व्हॅल्युअरने फुगवलेला आकडा इथेच उडतो.

मालकीचा काळ २४ महिन्यांहून जास्त असेल तर नफा दीर्घकालीन. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर दर १२.५ टक्के, इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरणे) नाही. तरीही त्या तारखेआधी घेतलेल्या जमिनीसाठी निवासी व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला इंडेक्सेशनसह २० टक्के दराने येणारा कर कमी असेल तर तोच भरता येतो. २०१०-११ मध्ये १२ लाखांना घेतलेला प्लॉट २०२५-२६ मध्ये ४० लाखांना गेला असे समजा. साध्या हिशेबाने नफा २८ लाख, कर ३.५ लाख. इंडेक्सेशनने खरेदी किंमत १२ लाख × ३७६ ÷ १६७ (विक्रीच्या आणि खरेदीच्या वर्षाचे महागाई निर्देशांक), म्हणजे सुमारे २७.०२ लाख, नफा १२.९८ लाख आणि कर जवळपास २.६० लाख. उपकर वेगळा. इंडेक्सेशनसहच्या किमतीचा रकाना रिकामा सोडलात तर हे ९० हजार हकनाक जातील. इंडेक्सेशनने तोटा दिसला तर कर शून्य होतो, पण तो तोटा पुढे ओढता येत नाही.

सूट चुकीच्या कलमाखाली

कलम ५४ घर विकणाऱ्यांसाठी आहे. प्लॉट विकून घर घेतले तर ५४एफ, आणि त्यात नफा नव्हे तर खर्च वजा जाता विक्रीची पूर्ण रक्कम गुंतवावी लागते. वरच्या ४० लाखांपैकी ३० लाखच घरात घातले तर तीन चतुर्थांश नफाच करमुक्त होतो. विक्रीच्या दिवशी नव्या घराखेरीज एकापेक्षा जास्त घरे नावावर असतील तर ही सूट नाही. रिटर्नच्या मूळ मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम कॅपिटल गेन्स खात्यात टाका. बचत खात्यात पडून राहिली तर तिच्यापुरती सूट जाते. नफा बाँडमध्ये गुंतवून ५४ईसीची सूट घ्यायची असेल तर विक्रीपासून ६ महिने आणि ५० लाखांची मर्यादा.

शेतजमीन म्हणून सरसकट करमाफी नसते. नगरपालिकेची लोकसंख्या १०,००० ते १ लाख असेल तर हद्दीपासून २ किलोमीटर, १० लाखांपर्यंत ६ आणि त्यापुढे ८ किलोमीटरच्या आतली जमीन करपात्र. अंतर हवाई मोजायचे, रस्त्याने नाही. जमीन खरोखर ग्रामीण असली तरी रक्कम शेड्यूल ईआयमध्ये (करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात) दाखवा आणि अंतराचा दाखला व सातबारा जपून ठेवा.

विक्री दाखवायचीच राहून गेली असेल तर मुदत असेपर्यंत सुधारित रिटर्न भरा. ती संपली असल्यास अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू, त्या करनिर्धारण वर्षाच्या अखेरीपासून ४८ महिन्यांपर्यंत भरता येते. पहिल्या १२ महिन्यांत कर व व्याजावर २५ टक्के जादा लागतात, पुढे हा बोजा ७० टक्क्यांपर्यंत चढतो.