कढीपत्त्यावर शिका मॅक्रो

कीटकांचे मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून घेतलेले फोटो शिकायला जंगल गाठायची गरज नाही, कुंडीतला कढीपत्ता पुरे. आमच्या झाडावर पावसाळ्यात कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या अळ्या हमखास सापडतात. लहानपणी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, शेवटची कात टाकली की हिरवीगार होते. ती उडून जात नाही, म्हणून नवशिक्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

महागडी लेन्स लगेच घेऊ नका. जुनी ५० एमएम लेन्स रिव्हर्स रिंगने, म्हणजे लेन्स उलटी जोडणाऱ्या कडीने, कॅमेऱ्यावर उलटी बसवा. फक्त लेन्सवरच अ‍ॅपर्चरची, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची, रिंग हवी, कारण उलटी लावल्यावर कॅमेऱ्यातून अ‍ॅपर्चर बदलता येत नाही.

अ‍ॅपर्चर एफ/८, शटर १/२०० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २००, आणि फ्लॅशपुढे बटर पेपर. तो नसेल तर अळीच्या गुळगुळीत अंगावर पांढरे चट्टे उठतात.

आता खरं काम, फोकस. इतक्या जवळून जेमतेम मिलिमीटरभर भाग स्पष्ट येतो. कोपर कठड्याला टेकवा, श्वास रोखा आणि फोकसची रिंग न फिरवता स्वतःच किंचित पुढेमागे व्हा. अळीच्या फुगीर भागावरचे मोठे डोळे खोटे असतात, नुसते ठिपके. खरं डोकं त्यांच्या पुढे, खाली झुकलेलं, चिमुकलं. बाजूने फोटो घेताना कॅमेरा तिच्या अंगाला समांतर धरा, म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं स्पष्ट येईल.

डिवचलं की ती डोक्यामागून लाल, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. त्या फोटोसाठी तिला काडीने टोचू नका. काही जण कीटक फ्रिजमध्ये ठेवून गारठवतात, तेही नको. पहाटे या, फुलपाखरंसुद्धा तेव्हा सुस्त बसलेली असतात.