राजीनाम्याआधी: कोडिंगमधून प्रॉडक्टकडे जाण्याची तयारी

नोकरीला दोन-तीन वर्षं झालीत, कोड जमतोय, पण ‘हे फीचर नक्की कुणासाठी?’ हा प्रश्न पिच्छा सोडत नाही, अशा कोल्हापुरातल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. मी याच वाटेनं, म्हणजे कोड लिहिण्याकडून प्रॉडक्ट मॅनेजमेंटकडे (काय बनवायचं, कुणासाठी आणि का, हे ठरवण्याच्या कामाकडे) गेलोय.

राजीनाम्याची घाई करू नका. सुरुवात आहे त्याच कंपनीत होते. महिनाभर सपोर्टकडे येणाऱ्या तक्रारी रोज वाचा, सेल्सवाल्यांबरोबर दोन-चार डेमोंना जा आणि तिथं गप्प बसून ऐका.

त्यानंतरचं काम माझ्या मते सगळ्यात मोठं: गिऱ्हाइकाच्या जागेवर जाऊन बसायचं. त्यासाठी आपल्याला लांब जावं लागत नाही. शिरोली, गोकुळ शिरगावला फौंड्र्या आणि मशीनशॉप आहेत, मार्केट यार्डात गुळाचे सौदे चालतात, गुजरीत सराफ आहेत. ओळख काढा आणि अर्धा दिवस मागून घ्या. आम्ही एका फौंड्रीसाठी रिजेक्शनची, म्हणजे बाद झालेल्या मालाची, नोंद ठेवणारं ॲप केलं होतं. स्क्रीन माझी, अकरा रकान्यांची. कुणी भरतच नव्हतं. शेवटी सेकंड शिफ्टला जाऊन बसलो. सुपरवायझरच्या हातात मोजे, सगळीकडे काळी वाळू. तो वहीत हीट नंबर (धातू वितळवलेल्या खेपेचा क्रमांक), दोषाचा प्रकार आणि नग एवढंच टिपत होता. मोठ्या बटणांची तीन रकान्यांची स्क्रीन दिली, तेव्हा नोंदी येऊ लागल्या. मालकाला मात्र कुठल्या पॅटर्नमुळं (ज्यावरून वाळूचा साचा घेतात त्या नमुन्यामुळं) माल बाद होतोय ते हवं होतं. वापरणारा एक, पैसे देणारा दुसरा, हे मला त्या दिवशी कळलं. तुमच्या प्रॉडक्टमध्ये हे दोघं कोण आहेत, ते नावानिशी लिहून ठेवा.

तिथं गेल्यावर ‘असं केलं तर आवडेल का?’ असं विचारू नका. आपली माणसं मनानं मोठी, ‘भारी हाय की’ म्हणतील आणि चहा पाजून पाठवतील. ‘मागच्या आठवड्यात हे कसं केलंत, दाखवा की’ म्हणा, आणि ते कुठं अडतात ते बघा.

हिशोब शिका. समजा, सॉफ्टवेअरचे महिन्याला 3,000 रुपये मिळतात आणि एक गिऱ्हाईक आणायला 18,000 खर्च होतात. म्हणजे पहिले सहा महिने नुसती भरपाई, आणि त्यात सर्व्हर, सपोर्ट धरलेला नाही. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) येत असल्यानं कोण कधी सोडून गेलं ते तुम्ही स्वतः काढू शकता. इंजिनिअरचा हा मोठा फायदा, तो वापरा.

एका पानात लिहायची सवय लावा: अडचण कुणाची, आज ते काय करतात, आपण काय करणार नाही, जमलं हे कशावरून ओळखायचं. आधी मराठीत लिहा. स्वतःला नीट समजलेलं नसेल तिथं वाक्य अडखळतं.

एमबीएचं म्हणाल तर कन्सल्टिंग किंवा फायनान्सकडे जायचं असेल तर तिचा चांगला उपयोग होतो; प्रॉडक्टसाठी ती सक्तीची नाही. प्रवेश परीक्षा द्यायचीच असेल तर कॅट साधारण नोव्हेंबरअखेर असते, अर्ज मात्र त्याच्या दोन-तीन महिने आधीच भरावा लागतो. जीमॅटचे गुण पाच वर्षं चालतात. फीबरोबर दोन वर्षांचा बुडणारा पगारही कागदावर मांडा.

घरी आधीच सांगून ठेवा. अशा जागा इथं कमी आहेत, पुण्याला जावं लागू शकतं आणि पगार लगेच वाढेलच असं नाही. सहा महिन्यांचा खर्च, हप्ते धरून, बाजूला हवा.

एवढं झालं की मॅनेजरकडे जा. ते एक पान आणि फौंड्रीत किंवा दुकानात टिपलेली वही, दोन्ही बरोबर न्या. आठवड्यातला एक दिवस प्रॉडक्टच्या कामासाठी मागा, आणि तीन महिन्यांनी तुमचं काम कशावर जोखायचं ते त्याच बैठकीत ठरवून घ्या.