सायकलच्या मागच्या शॉकमध्ये हवा किती भरायची?

रामबागेतल्या आमच्या अंगणात मी पहिल्यांदा शॉक पंप काढला तेव्हा आईनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं, "सायकलचं बीपी बघतोयस होय रे?" नळी, काटेवाली तबकडी, हातातला पंप, दिसतं खरंच तसं. आणि कामही फार वेगळं नाही.

फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांचे धक्के झेलणारी सायकल घेतलेले आमच्या इंदुरातले बरेच जण दुकानातून जशी आली तशीच ती चोरलच्या डोंगरवाटेवर घालतात. मग कुणी म्हणतं खूप उडते, कुणी म्हणतं चढावर बसकण मारते. दोष बहुधा सायकलचा नसतो. मागच्या शॉकमधली, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळकांड्यातली दुकानातली हवा तुमच्या वजनासाठी भरलेलीच नसते.

लागणारं सामान थोडंच. शॉक पंप, मिलिमीटरची पट्टी, टेकायला एक भिंत. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरकडे मात्र जाऊ नका. शॉकचा व्हॉल्व्ह मोटारसायकलच्या ट्यूबसारखाच असल्यानं मोह होतो, पण गाडीच्या टायरला तीसेक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागतं आणि शॉकला दीडशे-दोनशेही लागू शकतं. त्यात शॉकची पोकळी इतकी लहान, की कॉम्प्रेसरची तोटी काढताना निसटलेल्या फुर्रभर हवेनंही काटा बराच खाली येतो.

आधी शॉकचा स्ट्रोक माहीत करून घ्या. शॉकवर किंवा सायकलच्या माहितीपत्रकात २१० x ५५ असे दोन आकडे असतात. त्यातला दुसरा, म्हणजे ५५ मिमी, हा स्ट्रोक. शॉक जास्तीत जास्त इतकाच दबतो. तुम्ही नुसते सायकलवर बसलात की त्यातला काही भाग दबला पाहिजे. त्याला सॅग म्हणतात. डोंगरवाटांवरच्या सर्वसाधारण सायकलला २५ ते ३० टक्के सॅग धरतात, म्हणजे ५५ मिमीच्या शॉकला १४ ते १६ मिमी. शर्यतीच्या हलक्या सायकलला थोडा कमी चालतो.

सुरुवातीचा आकडा काढायला वजन पौंडात करा. किलोला २.२ नं गुणा आणि तितके पीएसआय भरा. ७२ किलोच्या माणसाला साधारण १६०. सायकलच्या कंपनीनं तक्ता दिला असेल तर तोच धरा, कारण प्रत्येक फ्रेमची तरफ वेगळी असते. वजन हेल्मेट, बूट आणि पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीसकट करायचं. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो. (पोहे-जिलबी मी धरत नाही, धरायला हवी.)

आता हवा. पंपाची नळी व्हॉल्व्हवर काटा हलेपर्यंत फिरवा. भरलेल्या शॉकला पंप लावला की आकडा कमी दिसतो, कारण शॉकमधली थोडी हवा नळीत येते. नळी काढताना जो फुस्स आवाज होतो ती नळीत उरलेली हवा असते, शॉकमधली नव्हे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दर फुस्सला हवा गेली असं समजून मी आणखी २० पीएसआय "भरपाई" म्हणून घालत गेलो. पातालपाणीच्या वाटेवरच्या पहिल्याच दगडावर खोगीरानं मला असं वर फेकलं, की त्यानंतर दोन दिवस ऑफिसात उभ्यानंच काम केलं.

दर ५० पीएसआयला थांबा आणि खोगीर हातांनी हळूहळू दहा-बारा वेळा दाबा. शॉकमध्ये हवेचे दोन कप्पे असतात, एक वजन पेलणारा आणि त्याच्या उलट जोर लावणारा दुसरा. शॉक दबताना एका ठरावीक जागी त्यांच्यातली वाट उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. काटा खाली येईल, पुन्हा भरा. हवा काढतानाही हाच धीर धरा. भसकन सोडलीत तर उलट्या कप्प्यातला दाब तसाच राहतो आणि शॉक आत ओढला जाऊन दबलेलाच राहतो.

मग सॅग मोजा. शॉक घट्ट करणारी निळी खिटी असेल तर ती पूर्ण मोकळी करा. कुलूप लावून मोजमाप करणारे मी पाहिले आहेत. दांड्यावरचं काळं रबरी कडं, म्हणजे ओ-रिंग, दांडा जिथे आत शिरतो तिथल्या सीलपर्यंत सरकवा. भिंतीला कोपर टेकून हळूच खोगीरावर बसा, पाय पेडलवर, हात हँडलवर. हलू नका. तितक्याच हळू उतरा आणि सीलपासून कड्यापर्यंतचं अंतर मोजा. १९ मिमी आलं तर तो ३५ टक्के झाला, १० पीएसआय वाढवा. ११ आलं तर १० पीएसआय कमी करा. पंपापंपांचे काटे थोडेफार वेगळे बोलतात, म्हणून शेवटचा शब्द मी कड्याचाच मानतो.

सॅग जमेपर्यंत लाल खिटीला हात लावू नका. ती रिबाउंडची, म्हणजे दबलेला शॉक किती वेगानं परत उठतो त्याची. घड्याळाच्या दिशेनं फिरवली की तो संथ होतो. पूर्ण बंद करून तिथून क्लिक मोजत मध्यावर आणा. बसल्या बसल्या फुटपाथवरून खाली उतरा. खोगीर एकदा उठून स्थिरावलं तर ठीक. दोन-तीनदा उसळलं तर एकेक क्लिक बंदच्या दिशेनं फिरवा. फार संथही नको. महूच्या पुढे काळ्या दगडांची रांगच लागते, तिथे शॉक पुढच्या दगडाआधी उठला नाही तर दर दगडाला आणखी आणखी आत जातो आणि सायकल लाकडासारखी होते.

घरी आल्यावर कडं बघा. एखाद्या मोठ्या उतारावर ते टोकाला गेलं असेल तर शॉक पुरेपूर वापरला गेला. सॅग बरोबर असूनही वारंवार खाडकन आदळत असेल तर हवा वाढवू नका, आत हवेची जागा कमी करणारा प्लास्टिकचा तुकडा, म्हणजे स्पेसर, घालून घ्या. शॉक उघडण्याआधी सगळी हवा काढायची, यात तडजोड नाही.

ऋतूही मोजावा लागतो. डिसेंबरात पहाटे १० अंशांना भरलेले १६० पीएसआय मे महिन्यात ४० अंशांच्या दुपारी साधारण १७८ होतात. म्हणून होळीनंतर आणि दिवाळीनंतर मी सॅग पुन्हा मोजतो.

पावसाळ्यात माळव्याची काळी माती दांड्यावर वाळली की सीलला घासते. ओल्या मऊ फडक्यानं पुसा, पाण्याचा जोरदार फवारा सीलवर मारू नका. दर ५० तास चालवल्यावर हवेच्या भागाची सर्व्हिस करतात. दांड्यावर तेलाचा पातळ थर दिसला तर घाबरू नका, पण थेंब ओघळायला लागले तर सायकल घरीच ठेवा आणि शॉक मेकॅनिककडे द्या.