वळीव येतोय का? ठाणे-नवी मुंबईत अंदाज कसा वाचायचा

एप्रिल-मेतला वळीव बहुतेक वेळा पूर्वेकडून येतो. जून-जुलैच्या सवयीने आपण खाडीकडे डोळे लावून बसतो आणि ढग मात्र मुरबाड-शहापूरच्या बाजूने पाठीमागून गाठतात. तापलेली जमीन, समुद्रावरचं बाष्प आणि सह्याद्रीची चढण एवढं जुळलं की दुपारनंतर घाटावर ढग उभे राहतात.

सकाळी हवामान खात्याचा जिल्हानिहाय इशारा बघा. त्यात ‘नवी मुंबई’ सापडणार नाही. वाशी, नेरूळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, उलवे रायगडात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. रंग अख्ख्या जिल्ह्याला लागतो, वळीव मात्र पट्ट्यात पडतो; डोंबिवली झोडपली तरी घोडबंदर कोरडं राहू शकतं. त्यामुळे पिवळ्यावर कामं रद्द करू नका, दुपारपासून ‘नाऊकास्ट’ बघत राहा. हा पुढच्या तीनच तासांचा अंदाज असतो. सोसायटीच्या ग्रुपवर दुपारचा इशारा रात्री फिरत असतो, तेव्हा आधी वेळ वाचा.

रडारचं (कुलाबा किंवा वेरावली) एकच चित्र बघून काही कळत नाही. पाठोपाठची तीन-चार बघा. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर साडेपाच तास मिळवा. जोरदार पावसाचा लाल ठिपका अर्ध्या तासात 15 किलोमीटर सरकला आणि तुमच्यापासून 30 वर असेल, तर हातात तासभर आहे. तोही पुरता नाही, कारण ढगातून कोसळलेली गार हवा जमिनीवर पसरत पावसाच्या पुढे धावते. गारवा आणि धुळीचा वास आला की समजा, आता मिनिटांचा प्रश्न आहे. 13 मे 2024 ला घाटकोपरचं होर्डिंग अशाच धुळीच्या वादळात कोसळलं, 17 जण गेले. होर्डिंग, परांची, गुलमोहर यांच्याखाली थांबू नका, गाडीही लावू नका.

गच्चीवरच्या पत्र्याची कडेची रांग आधी उचलते, म्हणून तिथले पत्रा धरून ठेवणारे जे-हुक आणि वॉशर नारिंगीची वाट न बघता तपासा. वर विटा ठेवणं हा उपाय नव्हे. पत्रा उडाला की विटाही खाली येतात. ताडपत्री एक तर चारही बाजूंनी आवळा, नाहीतर गुंडाळून ठेवा. अर्धवट बांधलेली शिडासारखी फुगते आणि बांबूसकट जाते. ग्रिलवरच्या कुंड्या आत घ्या, गच्चीच्या पाइपाच्या तोंडचा पालापाचोळा काढा.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा: तेवढे किलोमीटर. 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर गच्ची, मैदान, पामबीचवरचा फेरफटका बंद. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळच्या विजांचा इशारा देतं.

तार तुटून पडली असेल तर ‘लाइट तर गेलेत’ म्हणून ओलांडू नका. पुरवठा कधीही परत सुरू होतो. वीज तक्रारीच्या 1912 या नंबरवर कळवा आणि माणूस येईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांना लांबूनच थांबवा.